काचेमागे एक पैसा

महादेवराव सासरी कार्ड लिहायला बसले की त्यांना घाम फुटायचा, आणि तोही ऐन माघातल्या थंडीत. नागपूरच्या सेक्रेटरिएटात दिवसाला चाळीस मसुदे पाडणारा हा कारकून, पण या एका कार्डापुढे त्याची दांडी गुल व्हायची. कारण कार्ड जायचे सावनेरला. तिथे त्यांचे सासरे रुपराव आलेले प्रत्येक पत्र ओसरीवर उभे राहून खड्या आवाजात वाचत. ऐकायला दोन मेहुणे, त्यांच्या बायका, कापूस मोजायला आलेले गडी आणि दाराआड महादेवरावांची बायको, गोपिका. एवढ्या फौजेपुढे 'तुझ्यावाचून करमत नाही' हे वाक्य वाचले जाणार म्हटल्यावर कोण शहाणा ते लिहील? बंद लिफाफा पाठवावा, तर तो फोडण्याआधीच कोण गेलं म्हणून घरात रडारड सुरू व्हायची.

गोपिका भाऊबीजेला म्हणून चार दिवस गेली होती. मग रुपरावांनी कळवले, कापसाची वेचणी आहे, घरात माणूस हवे. वेचणी आटोपते तोच पौष लागला. पौषात लेक कशी पाठवायची? आता पौषही सरला होता, आणि धंतोलीच्या माडीवर महादेवराव स्वतःच्या हातचे पिठले खाऊन खाऊन पिवळे पडले होते. घरी उशिरा गेले तरी 'काहून उशीर झाला?' असे कोणी विचारत नव्हते. गोपिका घरात असली की तिचे तोंड म्हणून बंद राहत नसे. भांड्यांशी बोले, चुलीशी बोले, आणि त्या दोघांवरचा राग नवऱ्यावर काढी. ती बोलणी खायला महादेवराव आता अगदी आसुसले होते.

लेखणी चावत त्यांनी खिडकीकडे पाहिले. रेल्वेच्या धुराने काचा काळ्याठिक्कर झाल्या होत्या. एकदम त्यांना सुचले आणि ते खूश होऊन भराभर लिहू लागले.

'सा. न. वि. वि. इकडील क्षेम. खिडक्यांच्या काचा फार मळल्या आहेत. बाहेरचे काही दिसत नाही. घरात करणारे माणूस नाही. कळावे.'

कार्ड त्यांनी तीनदा वाचले. वाचणाऱ्याला काचा दिसतील, गोपिकेला बरोबर काय ते कळेल. लेक सासरी पाठवायला रुपरावांनाही एवढे निमित्त पुरे होते.

आठव्या दिवशी रुपरावांचे उत्तर आले. 'काचा मळल्याचे वाचून वाईट वाटले. धुणारा लावावा. काचेमागे एक पैसा द्यावा, वर छदाम देऊ नये. नागपूरचे लोक लुबाडतात. गोपिका खुशाल आहे.'

महादेवरावांनी कपाळाला हात लावला. तरी हार न मानता ते चौकशीला लागले, कारण लगेच काहीतरी लिहायला हवे होते. खाली राहणाऱ्या घरमालकीण यमुताई म्हणाल्या, "पैशात कोण येते जी? मी खिडकीले अर्धा आणा देतो, वरून चहा पाजतो, तरी तो मेला कोपरे सोडून पुसते." ऑफिसातल्या शिपायाचे म्हणणे, सिव्हिल लाइन्समध्ये साहेबलोक बंगल्याचा एक रुपया देतात आणि धुणाऱ्याला सलामही करू देतात. महादेवरावांना भाव ऐकून फार आनंद झाला. त्यांनी तत्काळ लिहिले, 'येथे पैशात कोणी मिळत नाही. फारच महाग आहे. त्यापेक्षा घरचे माणूस असलेले बरे.'

यापेक्षा स्पष्ट लिहायचे म्हणजे छातीवर पाटी लावून सावनेरच्या बाजारात उभे राहायचे!

पुढच्या रविवारी सकाळी ते खिडकीपाशीच होते. सावनेरची छोटी गाडी इतवारी स्टेशनात येऊन तासभर झाला होता. काळ्या काचेतून फाटकाशी कोणीतरी थांबलेले दिसले. डोक्यावरून पांघरूण, काखेत गाठोडे, घर ओळखू येते का म्हणून वर पाहणे. एका पायात वहाण घालून महादेवराव धडाधड जिना उतरले आणि दार उघडतानाच ओरडले, "आली तू!"

"हाव, आलो नं," पांघरुणातून मिशा म्हणाल्या.

तो रुपरावांचा गडी कवडू होता. गाठोड्यात चिंध्या, राख आणि रॉकेलची बाटली. सोबत चिठ्ठी: 'घरचे माणूस पाठवीत आहे. जेवण तुमच्याकडे. काचेमागे पैसा ठरला आहे.'

महादेवराव जिन्याच्या पायरीवरच बसले. त्यांना रडू येईल असे वाटले, पण गड्यासमोर कसे रडायचे? म्हणून ते भावावर घसरले.

"सहा खिडक्या हायेत. सहा पैसे भेटतीन."

कवडू वर गेला आणि त्याने बोटाने मोजायला सुरुवात केली. "एका खिडकीले आठ तावदानं. सहा आठे अठ्ठेचाळीस. आतून एक बाजू, बाहेरून एक बाजू. शहाण्णव झाले, जावईबापू."

"अबे, काच एकच असते! तिच्या दोन बाजूंचे दोन पैसे काहून?"

"मंग कोणती बाजू सोडू, तुमीच सांगा."

खरे सांगायचे तर पैशाने महादेवरावांचे काही अडले नव्हते. त्यांच्या ध्यानात वेगळेच आले होते. काचा धुतल्या गेल्या की लिहायला उरणार काय? एवढे एक निमित्त हाती होते, तेही हा माणूस चिंधीने पुसून टाकणार.

"तू थकून आला गा," ते एकदम मऊ होऊन म्हणाले. "आज आराम कर. घाई काय आहे?"

"मी बी तेच म्हणून राहिलो," कवडू म्हणाला आणि भिंतीला टेकून झोपला.

दुसऱ्या दिवशी त्याने एक तावदान पुसले. तिसऱ्या दिवशी त्याच तावदानाची दुसरी बाजू. काम कसे चालले आहे, असे महादेवरावांनी विचारले की तो म्हणे, "धूर लय मुरला जी. हे काम हळूहळूच होते." महादेवराव म्हणत, "हाव, हाव. काच नाजूक चीज आहे." आणि त्याच्या ताटात एक भाकरी जास्त टाकत. इतका मन लावून आळस करणारा गडी त्यांनी पाहिला नव्हता. अशा रीतीने सहा दिवस फार गुण्यागोविंदाने गेले.

सातव्या दिवशी यमुताई वाळवण घालायला गच्चीवर निघाल्या आणि माडीच्या दारातून त्यांना कवडू घोरताना दिसला.

महादेवराव संध्याकाळी ऑफिसातून आले, तो घर ओळखू येईना. सहाही खिडक्या लखलखत होत्या. यमुताई पदर खोचून उभ्या होत्या, आणि कवडू कोपऱ्यात ओल्या कोंबडीसारखा बसला होता.

"सात दिवस झोपून राहिला व्हता हा तुमचा माणूस!" यमुताई म्हणाल्या. "मी म्हणलं, ऊठ रे बाप्पा. रॉकेलचा बोळा फिरवला, वरून रद्दी कागद. दोन घंट्यात शहाण्णव बाजू! पैसे मले नका देऊ, भाऊ. शेजारधर्म आहे."

"लय उपकार झाले, यमुताई," महादेवराव म्हणाले. असा कडू घास त्यांनी उभ्या जन्मात गिळला नव्हता.

यमुताई खाली गेल्यावर कवडूने कनवटीचा एक रुपया काढून जमिनीवर ठेवला.

"हा काय?"

"गोपिकाबाईचा. आता वापस करा लागते." कवडूचा आवाज पडला होता. "निंघतानी बाईनं मले गोठ्यामागं बोलावलं. म्हणे, कवडू, काचा धुवू नको गा. बाबाले सांगजो, मले नाही जमत, हा मळ बाईच्याच हातानं निंघन. मंग बाबा मले पाठवतीन. मीनं लय कोशिश केली, जावईबापू. पण थ्या खालच्या बाईपुढं माह्यं काही चाललं नाही."

महादेवराव त्या रुपयाकडे पाहतच राहिले. म्हणजे तिलाही करमत नव्हते. तीन महिने तिकडे दाराआड उभी राहून ती आपली कार्डे ऐकत होती, आणि तिलाही बापासमोर 'मला घरी जायचे आहे' एवढे चार शब्द बोलता येत नव्हते. त्यांनी डोळे पुसले, आणि या खेपेला गड्यासमोरच पुसले.

"वापस नको करू," ते म्हणाले. "तुनं तर इमानानं आळस केला. ठेव तुह्यापाशी. आन् थांब, कार्ड देतो."

घाम फुटला नाही, लेखणी चावावी लागली नाही.

'सा. न. वि. वि. काचा स्वच्छ झाल्या. रस्ता पार वळणापर्यंत दिसतो. त्यावरून कोणी येताना मात्र दिसत नाही. मला गोपिकेवाचून करमत नाही. तिला पाठवावे.'

वाचा म्हणावे खुशाल ओसरीवर. गड्यांना ऐकवा, बैलांना ऐकवा!

कवडू गेला आणि तिसऱ्या दिवशी टांगा आला. वळणावर होता तेव्हाच महादेवरावांना तिचे हिरवे लुगडे दिसले, आणि तिच्या शेजारी रुपरावांचा फेटाही दिसला. सासऱ्यांसमोर बायकोकडे नीट पाहायचीही सोय नाही. गोपिका मान खाली घालून आत गेली. मग स्वयंपाकघरातून आवाज आला, "मायबाई! हे पिठलं होय का खळ होय? माणसानं काय खावं, काय नाही! आन् ही कढई कोणं जाळली वं माय?" महादेवरावांनी डोळे मिटून घेतले. किती दिवसांनी कान तृप्त होत होते.

रुपराव खिडकीपाशी बसले होते. त्यांनी एकेका तावदानाला हात लावून पाहिला.

"मामाजी, कार्डात जरा जास्तच लेहल्या गेलं," महादेवराव खाली मान घालून म्हणाले. "पयल्या कार्डाचा मतलब तुमाले समजला नसन म्हणून..."

"समजला नाही?" रुपराव रस्त्याकडेच पाहत म्हणाले. "पयल्याच दिवशी समजला. वाचता वाचताच समजला, जावईबापू."

"मंग काचेमागं पैसा काहून लेहला?"

"एक कार्ड जाते, एक येते, आठ दिवस निंघते. कवडूले धाडलं, आणखी आठ दिवस निंघाले. तेवढे दिवस पोरगी घरात बोलत राहिली." आत गोपिकेचे कढईशी भांडण चालूच होते, आणि दोघेही ते ऐकत होते.

"आता ती आली इकडं. मले बी करमणार नाही," रुपराव म्हणाले. "पण तुमाले लेहाले काचा तरी व्हत्या. मी काय लेहू, सांगा? आमच्या घराले तं सगळ्या लाकडाच्या झडपा."