सेक्रेटरींची न वाचलेली मेल

इमारतीचे सेक्रेटरी जिन्यात उभे होते आणि समोर साबणाने माखलेली अर्धी इमारत त्यांच्या नावाने शंख करत होती.

"पाणी कुणी बंद केलं?" तळमजल्यावरचा शिंपी टॉवेल सावरत ओरडला.

"मी! टाकी धुवायचीय. आठवडाभर सगळ्यांना मेल पाठवतोय. 'तातडीचे!!! शेवटची संधी!!! आत्ताच वाचा!!!' आणखी कसं सांगायचं?"

"आम्हाला एकही मेल आली नाही."

सेक्रेटरींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निवृत्तीनंतर त्यांना 'साहेब' म्हणणारी ही एवढीच जागा उरली होती, आणि तिथे हा अपमान! घरात शिरून त्यांनी सगळ्यांना एकच ओळ पाठवली, 'मी राजीनामा देत आहे.' आणि दार लावून पडून राहिले.

दुपारी राग उतरला. पद गेलं तर दिवसभर करायचं काय? इतक्यात वरच्या मजल्यावरची नर्स आली.

"साहेब, माफ करा हं. तुमच्या टाकीच्या सगळ्या मेल स्पॅममध्ये सापडल्या, लॉटरीवाल्यांच्या शेजारी. एक तर ती उद्गारचिन्हं, त्यात यादीतलं कुणीतरी दर वेळी 'स्पॅम'चं बटण दाबत असणार. मग मेलवाल्यांना वाटतं, ही कुणालाच नकोय."

"कोण तो दीडशहाणा?"

"मीच की," बायको आतून म्हणाली. "माझंही नाव आहे यादीत. पाठवायच्या आधी प्रत्येक मेल तीनतीनदा मोठ्यांदा वाचून दाखवता. परत तीच समोर आली, की दाबते बटण."

सेक्रेटरींना तिचे पाय धरावेसे वाटले. म्हणजे राजीनामाही लॉटरीशेजारी सुखात झोपला असणार!

"दाबत जा गं," ते गहिवरून म्हणाले. "आजचीही दाबलीस ना?"

"आजची कशी दाबेन? ती कुठे वाचून दाखवलीत? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी नवीन आलं, म्हणून नीट वाचली. इतका आनंद झाला म्हणून सांगू! तिच्यावरच 'मनःपूर्वक अभिनंदन' लिहिलं आणि सगळ्यांना पाठवून दिली."

नर्सने फोन काढून पाहिला.

"हो की," ती म्हणाली. "काकूंची मेल बरोब्बर आलीये. खाली तुमची ओळही आहे. शिंपीकाकांनी तर अनुमोदनसुद्धा दिलंय."