गिरमिटराव मेहुणीच्या खुर्चीवर बसले, त्याची हकिकत

थोरल्या बाईसाहेबांची, म्हणजे रावांच्या कुटुंबाची, आज्ञा जाहली की, आमचे यजमान गिरमिटराव यांनी दाढेवर जी स्वारी केली तिची हकिकत घडली तशी लिहावी, पदरचे काही घालू नये, आणि यजमान स्वतः सांगतील तसे तर मुळीच लिहू नये, कारण त्यांच्या तोंडी ही मोहीम रोज वीतभर वाढते आहे. आज्ञा शिरसावंद्य करोन लेखणी हाती घेतली. यात खोटे लिहू तर आमचेच दात पडोत.

गिरमिटराव म्हणजे गल्लीतील नामजाद ड्रिलवाले. पडद्याचा दांडा असो, पुस्तकांची फळी असो, न्हाणीघरातला आरसा असो, भिंतीस भोक पाडावे तर रावांनीच. मशीन खांद्यास, पेन्सिल कानास, आणि खिशात नाना आकाराचे स्क्रू, असा त्यांचा सरंजाम. त्यांचा एक दस्तूर होता. आधी भिंतीवर पेन्सिलीने फुली मारावयाची आणि घरमालकाकडून “हो, इथेच” असे कबूल करोन घ्यावयाचे. आणि मग एकदा मशीन सुरू जाहले की मालक “थांबा, थांबा” म्हणोन कितीही ओरडो, मालकीण टाइल तडकली म्हणोन कपाळ बडवून घेवो, रावांनी थांबावयाचे नाही, “झालंच, झालंच, दोन मिनिटं” म्हणत भोक पार करावयाचे. आजवर एकाही भोकात आपण अर्ध्यावर थांबलो नाही, याची त्यांना भारी मिजास होती.

अशा या शूराच्या डाव्या जबड्यात, खालच्या बाजूस, शेवटून दुसऱ्या दाढेने बंड केले. प्रथम गार पाण्याने कळ उठली, मग गरम पाण्याने उठली, आणि मग पाणी न पिताही उठू लागली. रावांनी लवंगेचे तेल रवाना केले, ते हात हलवीत परत आले. मिठाच्या गुळण्यांची कुमक धाडली, तीही गारद जाहली. गाल सुजून वर आला, तेव्हा रावांनी त्यावर मफलर गुंडाळला आणि मधमाशी चावली असे जाहीर केले. मधमाशी एक आणि सूज तीन आठवडे, हे गल्लीतील शेंबड्या पोरासही पटेना, पण राव आपला हेका सोडीनात.

आता खरी नामुष्की कोठे होती ते लिहितो. रावांच्या घरासमोर, चाळीस पावलांवर, त्यांच्या मेहुणीने म्हणजे धाकट्या बाईसाहेबांनी दातांचा दवाखाना नवा थाटला होता. इतकी वर्षे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काढली, आता स्वतःच्या नावाची पाटी लागली. ती पाटी रावांनीच ठोकली, कपाटे रावांनीच बसवली, आणि पेशंटची ती लांबलचक खुर्ची रावांनीच जमिनीस बोल्ट मारून पक्की केली. मात्र तीवर एकवारही बसून पाहिले नाही. पंधरा दिवस लोटले आणि एक माणूस दवाखान्यात फिरकला नाही. समोरच्या इस्त्रीवाल्या काकू उघड बोलू लागल्या की, “सख्खे भाऊजी गाल बांधून फिरतात, पण आत जात नाहीत. काहीतरी असेलच ना!” घड्याळवाल्यांनीही आपला दुखरा दात घेवोन दूरच्या दवाखान्याची वाट धरली. धाकट्या बाईसाहेब रोज सकाळी हत्यारे उकळीत, रोज संध्याकाळी तीच पुसून ठेवीत. थोरल्या बहिणीस एकदा म्हणाल्या की, महिनाअखेर वाट बघते, नाहीतर पाटी उतरवते आणि पुन्हा मोठ्या डॉक्टरांकडे जाते.

हे वर्तमान रावांचे कानी गेले आणि जेवण गोड लागेना. एरवीही चावता येत नव्हते ते निराळे. याच मेहुणीस ती नऊ वर्षांची असताना रावांनी सायकल शिकवली होती, सीट धरून तिच्यामागे मैदानभर धावले होते. मग त्यांनी निश्चय केला आणि सोमवारी कूच केले. दवाखान्याच्या दारापर्यंत गेले, तो दाराची बिजागरी कुरकुरते असे आढळले. तीस तेल घातले, दार बारा वेळा उघडमीट करोन पाहिले, आणि काम फत्ते म्हणोन घरी परतले. मंगळवारी दुसरी स्वारी केली. या खेपेस बाहेरच्या बाकापर्यंत मजल मारली, पण भिंतीवरचे घड्याळ बोटभर तिरके दिसले. ते सरळ करण्यात दुपार जाहली, आणि राव घरी येवोन म्हणाले, “आज फार दमलो बुवा.”

तेव्हा थोरल्या बाईसाहेबांचा क्रोध अनावर जाहला. बुधवारी सकाळी त्यांनी मफलर ओढून काढला, स्क्रूंचा खिसा रिकामा केला आणि फर्मावले की, “तुमच्या ह्या गालापायी माझ्या बहिणीचा दवाखाना बुडतोय. आज बसायचं म्हणजे बसायचं!” मग राव पुढे आणि बाईसाहेब पिछाडीस, अशी फौज निघाली. रस्त्यात रावांनी दोनदा चप्पल तुटल्याचा बहाणा केला, परंतु पिछाडी हटेना.

राव खुर्चीवर आडवे जाहले. स्वतः मारलेले बोल्ट त्या समयी इतके पक्के वाटले की पळ काढणे अशक्य. मग त्यांनी आपला दस्तूर पुढे केला आणि म्हणाले की, फुली मारल्याशिवाय भोक पाडू देणार नाही. धाकट्या बाईसाहेबांनी त्यांच्या कानावरची पेन्सिल घेतली आणि विचारले, कोठे. रावांनी निमिषमात्र विचार केला आणि उजव्या अंगाची, धडधाकट, निरपराध दाढ दाखवली. शाबूत दाढ दुखायची नाही, आणि दवाखान्यात जावोन आल्याचे श्रेयही पदरी पडेल, अशी त्यांची मसलत होती.

“भाऊजी, सूज डावीकडे आहे.”

“असं होय? आरशात बघून सांगत होतो, उलटं झालं.”

फितुरी उघडी पडली. मग इंजेक्शन जाहले, ते रावांनी डोळे मिटून सोसले, आणि अर्धे तोंड बधिर होवोन परके वाटू लागले. परंतु मेहुणीने ते बारीक यंत्र हाती घेतले आणि त्याचा आवाज जाहला मात्र, राव ताडकन उठून बसले, तोंडावरचा घाम पुसला, आणि आजवर कोणास न सांगितलेले बोलून गेले.

“खरं सांगू? मला दुखण्याची भीती नाही गं. तू थांबणार नाहीस, ह्याची आहे. मी कधी थांबतो का?”

मेहुणी हसली नाही. तिने तहाचे एकच कलम घातले की, भाऊजींनी डावा हात वर करावा, त्याच क्षणी यंत्र बंद होईल, मग काम कितीही राहिलेले असो. रावांनी कलम मान्य केले आणि लगोलग पारखून पाहिले. यंत्र सुरू जाहले, हात वर गेला, यंत्र बंद. पुन्हा सुरू, पुन्हा हात, पुन्हा बंद. काही दुखत नव्हते, तरी राव हात वर करीत होते. अशा नऊ वेळा फैरी थांबल्या. नऊही वेळा मेहुणीने “झालंच” म्हटले नाही, “दोन मिनिटं” म्हटले नाही, नुसती थांबली. दहाव्या खेपेस थोरल्या बाईसाहेब हाताकडे टक लावून होत्या, पण हात पोटावरून उठलाच नाही. मग दाढेचे दार उघडले, आत दबा धरून बसलेला पू बाहेर पडला, आणि वर तात्पुरते सिमेंट भरले गेले. सिमेंट ही ओळखीची चीज. तिचे नाव ऐकताच रावांनी समाधानाने मान डोलावली. आणखी दोनदा यावे लागेल, असा हुकूम जाहला आणि तोही त्यांनी मानला.

राव बाहेर आले ते मफलराविना, ओठ एका बाजूस लोंबतो आहे अशा थाटात. इस्त्रीवाल्या काकू इस्त्री आपटून पुढे आल्या आणि पुसू लागल्या की काय केलं, किती दुखलं. एरवी रावांनी तासभर पराक्रम गायला असता, पण जीभ वळेना. एवढेच बोलले की, “हात वर केला की थांबते.” हे वाक्य गल्लीत सर्वत्र फिरले, आणि संध्याकाळच्या सुमारास दवाखान्याच्या बाकावर चार माणसे बसली, त्यांत खुद्द इस्त्रीवाल्या काकू होत्या.

दवाखाना बंद करोन धाकट्या बाईसाहेब बहिणीकडे आल्या. भाऊजींसमोर बसल्या, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले, आणि डोळ्यांत पाणी असता हसू लागल्या.

“भाऊजी, नऊ वेळा थांबवलंत ते फार बरं केलंत. मागे मोठे डॉक्टर नाहीत, एकटीनं पहिलाच दात, आणि तोही तुमचा. मी तुमच्याहून जास्त भ्याले होते. तुम्ही हात वर केलात की मी श्वास घ्यायचे.”

 रावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

येणेप्रमाणे बुधवारी, दुपारी बाराचे सुमारास, दाढेचा गड हाती आला. खुर्चीवर एक भिणारा आडवा होता आणि दुसरी भिणारी यंत्र घेवोन उभी होती, दोघांपैकी कोणीही पळाले नाही. सबब फत्ते उभयतांच्या नावे लिहिली असे.