मोघे सरांचं ‘गेट’

आमच्या शेजारचे मोघे सर रोज सकाळी पावणेआठला वही-पेन घेऊन हिंजवडीच्या कंपनी-बसच्या रांगेत उभे राहतात आणि बस आली की घरी परततात. सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या वॉचमनला ते अजूनही बसचे इन्स्पेक्टर वाटतात.

सर ‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाचे उपयोग गोळा करतात. रांगेतली पोरं बोलतात, सर टिपून घेतात. “गेट बाय, गेट अवे, गेट ओव्हर! अहो, हे क्रियापद आहे की घरगडी? कुणीही यावं, कामाला लावावं!”

एकदा एक मुलगी फोनवर कुणाला तरी ‘गेट लॉस्ट’ म्हणाली. सर तिला म्हणाले, “हे आहे माझ्याकडे. दुसरं काही?”

कोथरूडच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला हे डोहाळे कशाला? तर नातीसाठी. सात वर्षांची रमा अमेरिकेत असते, दर रविवारी फोन करते. मोघे वहिनी गेल्यापासून सरांचा आठवडा त्या फोनसाठीच उजाडतो.

“जन्मभर व्याकरण शिकवलं, आणि नातीचं वाक्य कळेना हो! नुसतं भराभर गेट, गेट, गेट. मुलाला विचारायची लाज वाटते.”

“मग बोलण्याचा क्लास लावा की,” मी म्हणालो.

“त्या क्लासवाल्याला मीच शिकवलंय. म्हणून तर भीती वाटते.”

गेल्या महिन्यात एका रविवारी फोन झाल्यावर सर थेट माझ्याकडे आले. मी चहा पुढे केला.

“आज सगळं कळलं,” ते म्हणाले.

“अरे वा! मग पेढे कुठायत?”

“शाळेत तिला कुणी खेळायला घेत नाही. ‘आय गेट लेफ्ट आउट, आजोबा.’ वर्षभर सांगत होती पोर. आणि मी गाढव दर वेळी ‘व्हेरी गुड, व्हेरी गुड’ म्हणत होतो!”

मला फार वाईट वाटलं. पेढ्यांचं उगाच बोललो.

“मग काय केलंत?”

“म्हटलं, कागद-पेन्सिल घे. नाव-गाव-फळ-फूल खेळलो. चांगलं पाऊण तास.”

“जिंकलं कोण?”

“तीच. मुद्दाम नाही हो हरलो, तिकडची फळं मला कुठली माहीत!” सरांनी चष्मा काढून पुसला. “पुढच्या रविवारीही मला खेळायला घेणार आहे म्हणाली.”