तात्यांच्या ढिगाचा ताप

रोज सकाळी सहा वाजता तात्या शर्टाची बाही खांद्यापर्यंत दुमडत आणि परसातल्या खताच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसत. मिनिटभर डोळे मिटून उभे राहत. मग कुंपणापलीकडून मला निकाल सांगत, "बाई, आज ताप चांगला हाये."

तात्या वारूळवाडीतले आमचे शेजारी. मंचरला एका डॉक्टरांकडे तीस वर्षं कंपाउंडर होते. काम सोडलं, वर्षभरात काकू गेल्या, आणि तेव्हापासून हा ढीग. माणसाला ताप आला की उतरवायचा आणि ढिगाचा उतरला की चढवायचा, एवढाच त्यांच्या लेखी दोन्ही कामांतला फरक.

मी ओला कचरा घेऊन गेले की बादलीची तपासणी फाटकातच होई. "काल भाजी लई तेलकट झालती." तेलकट परत. लिंबाच्या साली परत. आमच्याकडे काल कोण जेवायला होतं, हेही त्यांना बादलीवरून कळे. एकदा कचऱ्यात शर्टाचं बटण गेलं, ते त्यांनी धुऊन, औषधाच्या पुडीसारखी घडी घातलेल्या कागदात बांधून परत पाठवलं. वर लिहिलं होतं, 'एक. शिवल्यानंतर.'

येणारे-जाणारे चेष्टेनं विचारत, "तात्या, पेशंट कसा हाय?"

"पथ्यावर हाये," तात्या गंभीरपणे सांगत.

एका फेब्रुवारीत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दहा दिवस पुण्याला लेकीकडे राहायचं होतं. मी शाळेत शिक्षिका आणि घरीदारी याद्या करणारी, म्हणून ढीग माझ्याकडे आला. तात्यांनी नऊ नियम सांगितले, मी लिहून घेतले. एक टोपली ओलं, दोन टोपल्या सुकं. ओल पिळलेल्या फडक्याइतकी. आठवड्यातून एकदा खालचं वर. आणि नववा: वाटाण्याची सालं बाजूला ठेवावीत, ती मी स्वतः घालीन. कारण विचारलं तर त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

एसटीत चढता चढता ते परत खाली उतरले. "बाई, बाकी कायबी चुकू द्या. थंड तेवढा पडू देऊ नका."

सहाव्या दिवशी मला परीक्षेच्या कामासाठी जुन्नरला जावं लागलं. आमच्या यजमानांना सुट्टी होती. त्यांचं घराणं मंचरच्या कांद्यातलं. ढीग म्हटला की त्यांना लहानपणापासून एकच माहीत: हाताला गरम लागला की आतला माल सडायला लागला, ताबडतोब पसरा. सकाळच्या गारव्यात तात्यांच्या ढिगातून वाफ निघताना त्यांना दिसली. संध्याकाळी मी आले तेव्हा सगळा ढीग परसभर बोटभर जाडीचा, वाळवण घातल्यासारखा पसरलेला होता.

"थोडक्यात वाचवला," यजमान म्हणाले. ते शाबासकीची वाट पाहत होते.

मी हात लावला. फरशीसारखा गार.

हातात चार दिवस होते. मी यादी केली आणि यजमानांच्या हातात खराटा दिला. आधी पसरलेला कणन् कण गोळा. मग पालापाचोळा, नारायणगावच्या भाजीवाल्याकडून मेथीचे देठ आणि कोबीची पानं, शेजारच्या गोठ्यातलं शेण. थरावर थर देत ढीग कमरेपर्यंत आणला. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. सगळा उपसला, शेणकाला शिंपडला, पुन्हा रचला. यजमान मुकाट्यानं घमेली वाहत होते. तिसऱ्या संध्याकाळी कोमट लागला. चौथ्या सकाळी मी कोपरापर्यंत हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. इतका आनंद मला शाळेच्या निकालातही कधी झाला नव्हता.

तात्या दुपारी आले. काळा चष्मा, हातात पिशवी. घराचं कुलूप न काढताच परसात गेले, बाही दुमडली, हात घातला. बराच वेळ काढलाच नाही.

"ह्यो पुन्हा रचलाय," ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. यजमान चपलेकडे पाहत उभे होते. तात्यांनी एकच विचारलं, "जुनं फेकलं न्हाई ना?"

"झाडून गोळा केलंय, तात्या. सगळं आत आहे."

ते पायरीवर बसले. चष्मा काढायचा नव्हता म्हणून खालून रुमाल घालून डोळे पुसले.

"तिनं जायच्या आदल्या दिशी वाटाणे सोलले व्हते," ते म्हणाले. "सालं हितं पाल्यावर टाकली. तिसऱ्या दिवशी सावडून आलो, म्हनलं परस झाडावं. खाली हात घातला तर गरम. घरात सगळं गार पडल्यालं, आन् तिनं टाकल्यालं तेवढं गरम. दर नव्या ढिगात जुन्याचं एक घमेलं घालतो, इरजनावानी. तवापासनं थंड पडू दिला न्हाई."

मी घरात जाऊन दहा दिवस नियमाप्रमाणे बाजूला ठेवलेल्या वाटाण्याच्या सालांची बादली आणली आणि त्यांच्यापुढे धरली.

तात्यांनी बादलीत डोकावून पाहिलं नाही. ते पायरीवर थोडे सरकले आणि ढिगाकडे बोट केलं.

"आज तुमी घाला, बाई."