खवल्या मांजराची हजेरी

कोंडवाडीच्या जंगलात जनावरांना अंगठ्याची हजेरी लागू झाली, त्याला दोन वर्षं झाली. शिकार थांबवायला वनखात्याच्या साहेबांनी ते मशीन आणलं. रोज सकाळी आठला गवा, भेकर, साळिंदर, सगळ्यांनी ओढ्याकाठच्या खांबापाशी यायचं आणि पाय टेकवायचा. मशीन "धन्यवाद" म्हणतं. पाय टेकवला तो जिवंत. खाडा पडला तर शोध घ्यायचा.

मी तिथला राखणदार. चौथीत शाळा सोडली, पण डोकं सोडलं नव्हतं. साहेबांना म्हणालो, "सगळी जनावरं एका जागी, एका वेळेला. बाबलोला आयतंच झालं की!" बाबलो म्हणजे गावातला फासे लावणारा.

साहेब म्हणाले, "झिलबा, मशीन वरून आलंय. तुम्ही खालून बोलू नका."

जनावरं बिचारी शिस्तीची. गव्याला उशीर झाला की लाल दिवा लागे आणि तो मान खाली घालून उभा राही. खवल्या मांजराची मादी तर रात्रपाळीची. तरी ती झोपेत लडखडत यायची, शेपटीवर पिलू घेऊन.

"पिलाचीही नोंद करा," साहेब म्हणाले.

"त्याचा ठसा उमटत नाही," मी म्हणालो. उमटत होता.

मंगळवारी ती आलेली मला दिसली नाही. मशीन म्हणालं, हजर. बुधवारीही हजर. गुरुवारी मी करवंदीच्या जाळीआड बसलो. आठच्या ठोक्याला बाबलो आला. खिशातून तिचा वाळका पंजा काढला, टेकवला. "धन्यवाद."

"अरे मेल्या!" मी त्याची मानगूट धरली.

"आजोबा, खाडा पडला तर शोध लागतो. मी खाडा पडू देत नाही."

त्याला पंजासकट कचेरीत नेलं. साहेबांनी मशीनचा कागद पाहिला. "हजर दिसतंय."

"साहेब, हा नुसता पंजा आहे!"

"मशीनला पंजाच लागतो, झिलबा. बाकीचं जनावर कुणी मागितलंय?" मग ते बाबलोकडे वळले. "पुसून आणत जा. ठसा पुसट येतो."

वर्षाअखेरीला खवल्या मांजराला पूर्ण हजेरीचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते बाबलोनं घेतलं. टाळ्या वाजवायला मला उभं केलं होतं. मी हात खिशात घातले.

खिशात घातले, कारण खांद्यावर पिलू होतं आणि ते हलवायचं नव्हतं. आई गेल्यावर मी त्याला बिळातून काढलं, तेव्हापासून ते माझ्या खोपटामागच्या वारुळातल्या मुंग्यांवर जगतंय.

बाबलोचे डोळे चमकले. "आजोबा, खांद्यावर काय?"

"साहेबांना विचार."

साहेबांनी माझ्या खांद्याकडे पाहिलं. पिलानं त्यांच्याकडे पाहिलं. मग साहेबांनी मशीनकडे पाहिलं.

"काही नाही," ते म्हणाले. "नोंद नाही."

बाबलोनं प्रशस्तिपत्र गुंडाळलं आणि मुकाट निघून गेला. साहेबांच्या शब्दाबाहेर तो कधी जात नाही.