दुसऱ्याच्या नववर्षाची रजा

वर्षभरात त्या कार्यालयात चार धर्मांची चार नववर्षे उजाडत. ज्याचे उजाडे तो रजेवर जाई आणि उरलेले त्याच्या फायली उपसत त्याच्या धर्माचा उद्धार करत. शेवटी साहेबांनी कायमचा तोडगा काढला. परिपत्रक निघाले: यापुढे कोणालाही स्वतःच्या नववर्षाला रजा मिळणार नाही, ती दुसऱ्याच्या नववर्षाला, त्याच्या घरी जाऊन साजरी करण्यासाठी मिळेल. पुरावा म्हणून फोटो जोडावेत.

जावक कारकुनाने परिपत्रक दोनदा वाचले. दोन गल्ल्या पलीकडे त्याची म्हातारी आई एकटी राही, आणि नव्या वर्षाचे पहिले गोड तो तिच्याच हातचे खाई. आई वाट बघेल, असे तो साहेबांना चाचरत म्हणाला.

"कशाला बघेल? लेखापाल जातायत की."

"पण साहेब, आई माझी आहे."

"म्हणूनच. स्वतःच्या आईकडे जाण्यात कसला आलाय समभाव?"

आपल्या नववर्षाला तो पाकिटांवर तिकिटे चिकटवत बसला. जीव सगळा आईच्या स्वयंपाकघरात. दुपारी पुरावे येऊन थडकले. जन्मात एक बिल हरकतीशिवाय मंजूर न करणारे लेखापाल चुलीपाशी मांडी ठोकून तिसऱ्यांदा वाढून घेत होते, कोणतीही हरकत न नोंदवता. आई हसत होती. कारकुनाला ते हसू फार लागले.

कार्यालय सुटताच तो धावत सुटला. आई रडत असेल, रुसली असेल. काय सांगून समजूत घालावी हे त्याने वाटेत घोकून ठेवले होते. आई मजेत भांडी पुसत होती.

"गोड संपलं रे. त्याने चाटूनपुसून खाल्लं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीही त्यालाच पाठव."

"आणि मी?"

"तू आलास की मान खाली घालून सगळ्या जगाला शुभेच्छा पाठवत बसतोस. त्याने विचारलं, मावशी, गुडघे कसे आहेत."

कारकुनाचा चेहरा उतरला. गुडघ्यांचे तो आता विचारणारच होता, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. आलेल्या शुभेच्छा, वाचकहो, बहुधा तुमच्याच असाव्यात, कारण त्याने मान खाली घालून लगेच उत्तर लिहायला घेतले.