किशनकाकांनी उघडलेली तोंडं

किशनकाकांनी माझं तोंड लोखंडात घडवलं आणि माझ्यादेखत त्यात सोड्याची बाटली कोंबली. फट्‌कन बूच उडालं. “बग, कसं पकडतंय! तू बी असाच हायस. एकदा दातात धरलं की सोडत न्हाईस.” हे कौतुक असावं असं समजून मी ते घरी नेलं. बायको म्हणाली, हुबेहूब आहे.

किशनकाका आमच्या अहमदपुरातले निवृत्त एसटी कंडक्टर आणि माझे शेजारी. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे धरून बसतात, यांनी हातोडा धरला. अंगणात पत्र्याखाली भट्टी, वारा घालायला जुन्या कूलरचा पंखा आणि ऐरण म्हणून भंगारातून आणलेला रुळाचा तुकडा. मोडीत निघालेल्या गाड्यांचे स्प्रिंगचे पाटे तापवून, ठोकून ते बाटल्यांची पत्र्याची बुचं काढायचे ओपनर करतात. पण साधा ओपनर करतील तर ते किशनकाका कसले! त्यांचा प्रत्येक ओपनर म्हणजे ओळखीच्या कुणाचा तरी चेहरा. बूच अडकतं ते त्याच्या आ वासलेल्या तोंडात.

“जन्मभर तोंडंच बघितली की मी,” ते सांगतात. “‘नांदेड एक’ म्हणणारं तोंड येगळं, ‘पास हाय’ म्हणणारं येगळं. पास नसताना ‘पास हाय’ म्हणणारं तर खालच्या ओठावरनंच वळखू येतं.”

ओपनर जमला की ऐरणीवर दोन टोले. टण्‌ टण्‌. “डबल बेल! जाऊ द्या!” ते ऐकलं की अख्खी गल्ली दारातून डोकावते, आता कुणाचा नंबर लागला म्हणून. कोपऱ्यावरच्या कोचिंगवाल्या सरांचं तोंड त्यांनी एवढं मोठं केलं, की बूच त्यात धरेच ना. सरांनी महिनाभर बोलणं टाकलं. काका म्हणाले, “चांगलं झालं. तेवढाच तोंडाला आराम.”

आराम काकांच्या तोंडालाही हवा होता, पण ते त्यांना कोण सांगणार? त्यांच्यापुढे कुणाचं वाक्य पुरं झालेलं मी ऐकलेलं नाही. आपण काही बोलू लागलो, की “पुढं सरका, पुढं सरका” म्हणत ते आपल्याला बाजूला सारतात आणि स्वतःची गाडी दामटतात.

एकदा पान्हा मागायला गेलो, तर भट्टीमागच्या तारेवर बरेच चेहरे लटकलेले दिसले. सगळे एकाच बाईचे. चापून बसवलेले केस, कपाळावर जुनी खूण. काकांची गेल्या वर्षी वारलेली बायको, सुलूकाकू! पण एकाही चेहऱ्याचं तोंड उघडं नव्हतं.

“काका, तोंड राहिलं काकूंचं.”

काकांनी तारेवरचा एक चेहरा काढून हातात घेतला. म्हणाले, “तिचं तोंड उघडलेलं आठवंनाच बग मला. डोळे मिटले की डबा देताना दिसती, पाणी देताना दिसती. बोलताना न्हाई. हसताना तर न्हाईच. साऱ्या डेपोची तोंडं ध्यानात हायत, आन्‌ घरचं एक न्हाई. असा कसा रं मी?”

पान्हा मागायचं विसरलो आणि घरी येऊन आईला सांगितलं.

“सुलू? आन्‌ गप?” आईनं हातातलं लाटणं ठेवलं आणि तशीच काकांच्या अंगणात गेली. मी मागोमाग.

तिथं आईनं ओट्यावरची एक पिशवी कंडक्टरसारखी खांद्याला अडकवली, मान ताठ केली आणि काकांच्याच आवाजात ओरडली, “पुढं सरका, पुढं सरका!” मग मांडीवर थाप मारून, मान मागं टाकून ती खदाखदा हसली.

“हे मी न्हाई, भावजी. ही सुलू. तुमी ड्यूटीवर गेलाव की आमच्या चुलीपुढं तुमची नक्कल करायची. हसून हसून लोळायची. पडलेल्या दाताची खिंड दिसायची, तरी तोंडावर हात ठिवायची न्हाई.”

काका आधी बघतच राहिले. मग हसले. मग खांद्यावरच्या टॉवेलात तोंड लपवलं.

“वैनी, लई बोलायची का हो ती?”

“लई.”

“मग माझ्याम्होरं कामून न्हाई?”

“तुमची गाडी थांबत व्हती कुठं, भावजी?” आई हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भट्टी पेटलेली होती. दुपार कलली तेव्हा ऐरणीवर टोला पडला. टण्‌. गल्ली दुसऱ्या टोल्याची वाट बघत राहिली, पण तो आला नाही. मी डोकावलो.

काका ओट्यावर बसले होते. समोर उघडलेली सोड्याची बाटली आणि तिच्याशेजारी लोखंडाच्या सुलूकाकू. मान मागं, तोंड भरून हसू, बाजूच्या एका दाताची खिंड.

“काका, एकच बेल?”

“एक बेल म्हंजे गाडी थांबवायची.”

“आणि असे गप्प बसून काय करताय?”

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. “उगं राहा जरा,” ते म्हणाले. “ऐकायलोय.”